सुई किती जणांना टोचली? रुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास नीट कसा करावा

रुग्णालयाच्या इन्सिडेंट रजिस्टरमध्ये वर्षभरात कर्मचाऱ्यांना काम करताना सुई टोचल्याच्या चार नोंदी असतात. त्याच रुग्णालयात दुपारच्या चहाला बसलेल्या सिस्टरांना सहज विचारलं, तर एकाच टेबलाशी तीन-चार जणी निघतात. ही तफावत केवढी आहे, आणि ती कुठल्या वॉर्डात, कुठल्या कामात जास्त आहे, हे शोधण्याचा अभ्यास पुण्यातल्या कुठल्याही मध्यम आकाराच्या रुग्णालयाला सहा-आठ महिन्यांत करता येतो. यंत्रसामग्री लागत नाही, खर्चही बेताचा. तरी असे पुष्कळ अभ्यास वाया जातात. आकडेमोड चुकते म्हणून नव्हे. एकतर छेद (ज्याने भागायचं तो आकडा) चुकतो, नाहीतर प्रश्न विचारायला चुकीचा माणूस जातो.

खालची उदाहरणं ६०० कर्मचाऱ्यांचं एक काल्पनिक रुग्णालय धरून दिली आहेत. त्यातले आकडे हिशेब दाखवण्यापुरते आहेत, निष्कर्ष म्हणून वापरू नयेत.

प्रश्न एका वाक्यात लिहा

‘सुई टोचण्याचं प्रमाण’ हा प्रश्न नाही, त्यात तीन वेगळे प्रश्न आहेत. गेल्या १२ महिन्यांत किमान एकदा सुई टोचली असे कर्मचारी किती टक्के? कामाच्या दर १०० व्यक्ती-वर्षांमागे (एका माणसाचं वर्षभराचं काम म्हणजे एक व्यक्ती-वर्ष) किती वेळा टोचली? आणि जितक्या वेळा टोचली त्यांपैकी कितींची नोंद झाली? पहिल्यात माणसं मोजायची, दुसऱ्यात घटना, तिसऱ्यात घटना आणि नोंदी दोन्ही. एकाच सिस्टरला वर्षात तीनदा टोचली, तर पहिल्या उत्तरात ती एक आहे आणि दुसऱ्यात तीन. प्रबंधांमध्ये सर्रास या दोन्हींची खिचडी होते: अंश घटनांचा, छेद माणसांचा, आणि पुढे टक्क्यांचं चिन्ह.

‘नोकरीत कधी तरी टोचली का?’ हे विचारू नका. वीस वर्षं नोकरी झालेल्या जवळजवळ प्रत्येकीचं उत्तर ‘हो’ येईल आणि त्यातून काहीच कळणार नाही. काळ १२ महिन्यांचा ठेवा. पण तपशील, म्हणजे कुठली सुई, काय करताना, कुठल्या पाळीत, हे फक्त शेवटच्या घटनेबद्दल विचारा. सात महिन्यांपूर्वी टोचलेल्या सुईचा तपशील माणूस आठवून सांगत नाही, रचून सांगतो, आणि त्यात त्याचा दोष नसतो.

आणखी एक गोष्ट पुण्यात हमखास आडवी येते. सकाळी एका रुग्णालयात आणि रात्री दुसऱ्या नर्सिंग होममध्ये ड्युटी करणारे बरेच जण असतात. म्हणून प्रश्नात ‘या रुग्णालयात काम करताना’ हे शब्द हवेतच.

यादी: इथे घाई करू नका

आस्थापना विभागाकडून कर्मचाऱ्यांची यादी मिळते आणि बहुतेक जण तिथेच थांबतात. त्या यादीत कायम कर्मचारी असतात. कंत्राटदाराकडून आलेल्या मावशी-मामा, एजन्सीच्या सिस्टर, इंटर्न, नर्सिंगच्या विद्यार्थिनी, बाहेरच्या लॅबचा सॅम्पल नेणारा मुलगा, यांतलं कोणीही त्यात नसतं. आणि कचऱ्याच्या पिशवीतून सुई टोचते ती नेमकी यांनाच.

त्यामुळे यादी पाच-सहा ठिकाणांहून गोळा करावी लागते: आस्थापना, मेट्रन ऑफिसचं ड्युटी रोस्टर, सफाईच्या कंत्राटदाराचं हजेरीपत्रक, इंटर्नशिप आणि पीजी विभाग, नर्सिंग कॉलेज, प्रयोगशाळा. सगळ्या याद्या एका तक्त्यात आणा, दुबार नावं काढा आणि प्रत्येकासमोर रुजू होण्याची तारीख लिहा. ही तारीख पुढे सोन्याच्या मोलाची ठरते, कारण चार महिन्यांपूर्वी आलेल्या इंटर्नचा धोक्यातला काळ चारच महिने आहे, बारा नव्हे. प्रसूती रजेवर, लांबच्या आजारपणाच्या रजेवर किंवा प्रतिनियुक्तीवर असलेल्यांचं काय करायचं ते आधीच ठरवून लिहून ठेवा. कंत्राटी कामगारांची यादी दर महिन्याला बदलते, म्हणून एक तारीख पक्की करा. त्या दिवशी जे हजेरीपत्रकावर आहेत, तेच अभ्यासात.

आपल्या काल्पनिक रुग्णालयात अशी यादी ६०० ची झाली: सिस्टर आणि ब्रदर २६०, डॉक्टर व इंटर्न १४०, टेक्निशियन ६०, सफाई आणि वॉर्डातला चतुर्थश्रेणी वर्ग १४०.

नमुना किती घ्यायचा

सूत्र नेहमीचंच: १.९६ चा वर्ग गुणिले p गुणिले (१ वजा p), भागिले चुकीच्या मर्यादेचा वर्ग. १.९६ हा ९५ टक्के खात्रीसाठीचा आकडा, आणि p म्हणजे टोचलेल्यांचं अंदाजे प्रमाण. अंदाजे ३० टक्के जणांना टोचली असेल असं धरलं आणि ५ टक्के इकडेतिकडे चालणार असेल, तर ३२३ येतात. पण एकूण माणसंच ६०० आहेत, म्हणून मर्यादित लोकसंख्येची दुरुस्ती करायची: ३२३ भागिले (१ + ३२२/६००), म्हणजे २११. दहा टक्के लोक भेटणार नाहीत किंवा नको म्हणतील असं धरून २११ ला ०.९ ने भागलं की २३५. p किती धरायचा याचा काहीच अंदाज नसेल तर ५० टक्के धरा, नमुना थोडा मोठा येईल एवढंच. दुसऱ्या कुठल्याशा देशातल्या अभ्यासाचा आकडा उचलण्यापेक्षा ते बरं.

हे २३५ जण चार गटांत प्रमाणात वाटले तर सिस्टर १०२, डॉक्टर ५५, सफाई वर्ग ५५ आणि टेक्निशियन २३ येतात. इथे थांबून विचार करा. तेवीसपैकी पाच जणांनी ‘हो’ म्हटलं तर २२ टक्के. पण खरी टक्केवारी ७ पासून ४४ पर्यंत कुठेही असू शकते. असा आकडा तक्त्यात छापण्यात अर्थ नाही. टेक्निशियनांबद्दल खरंच काही बोलायचं असेल तर साठच्या साठ घ्या. एकूण नमुना २७२ होईल. मग मात्र सगळ्यांची सरसकट सरासरी काढता येत नाही. टेक्निशियनचं वजन १, सिस्टरचं २६०/१०२ म्हणजे २.५५, असं प्रत्येक गटाला वजन (नमुन्यातला एक जण यादीतल्या किती जणांच्या वतीने बोलतो तो आकडा) द्यावं लागतं. ओपनएपी किंवा एपी इन्फो ही संगणकावरची साधनं फुकट आहेत आणि नमुन्याच्या हिशेबाला पुरतात.

निवड यादृच्छिक क्रमांकांनीच करा. ‘त्या दिवशी ड्युटीवर जे भेटले ते’ घेतले की नाईटवाले गळतात, आणि रात्री एकट्या सिस्टरवर वीस-पंचवीस रुग्ण असतात तेव्हाच घाईत हात चुकतो.

इथिक्स कमिटी आणि ‘नको’ म्हणण्याची सोय

प्रश्नावलीचा अभ्यास आहे, रक्त काढायचं नाही, मग कमिटी कशाला, असं विचारणारे अजून भेटतात. आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे माणसांवरचं आरोग्य-संशोधन कमिटीपुढे जातंच. फार तर कमी जोखमीचं म्हणून त्वरित पुनरावलोकनात, म्हणजे पूर्ण बैठकीशिवायच्या तपासणीत, बसतं. नवी औषधं आणि क्लिनिकल चाचण्यांच्या २०१९ च्या नियमांनुसार अशा संशोधनाला परवानगी देणाऱ्या कमिटीची नोंदणी केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाकडे असावी लागते, ती आहे का ते पाहून घ्या. छोट्या रुग्णालयाची स्वतःची कमिटी नसेल तर दुसऱ्या संस्थेच्या कमिटीशी करार करून तिथे प्रस्ताव मांडता येतो. पुण्यात वैद्यकीय महाविद्यालयं आणि संशोधन संस्था पुष्कळ आहेत, त्यामुळे हे अवघड नाही. फक्त बैठकांच्या तारखा आधी विचारा, एक बैठक हुकली की महिना-दोन महिने सहज जातात.

प्रस्तावासोबत प्रोटोकॉल (अभ्यासाचा लेखी आराखडा), प्रश्नावली, माहितीपत्रक आणि संमतीपत्र लागतं, शिवाय रुग्णालय प्रमुखांचं परवानगीपत्र, खर्चाचा अंदाज आणि संशोधकांचे बायोडेटा. माहितीपत्रक मराठी आणि हिंदी दोन्हींत करा. खासगी रुग्णालयात केरळमधून आलेल्या सिस्टर बऱ्याच असतील तर इंग्रजी प्रतही ठेवा. मराठी प्रत तयार झाली की मूळ न पाहिलेल्या माणसाकडून ती उलट भाषांतरित करून घ्या. ‘एक्स्पोजर’ला ‘उद्भासन’ लिहिलेलं माहितीपत्रक सफाई कामगाराला सोडाच, हाउसमनलाही (शिकाऊ डॉक्टरलाही) कळत नाही.

खरी अडचण संमतीची असते, कारण कर्मचारी हा हाताखालचा माणूस असतो. आयसीएमआर अशा अधीनस्थ लोकांना असुरक्षित गटात धरते. विभागप्रमुखांनी किंवा मेट्रनने स्वतः फॉर्म वाटले तर ‘नको’ म्हणायची कोणाची हिंमत होणार? आणि ‘टोचली होती, पण कळवलं नाही’ हे तर कोणीच लिहिणार नाही. मुलाखत घेणारा माणूस त्या वॉर्डाच्या साखळीबाहेरचा हवा; कम्युनिटी मेडिसिनचा निवासी डॉक्टर किंवा समाजकार्याचा पदव्युत्तर विद्यार्थी चालतो. इन्फेक्शन कंट्रोल नर्स नको. तीच रजिस्टर ठेवते, त्यामुळे तिच्यापुढे उत्तर बदलतं.

संमतीपत्रात एक वाक्य ठळक असू द्या: ‘भाग घेतला किंवा न घेतला, याचा तुमच्या ड्युटीवर, गोपनीय अहवालावर, कंत्राटाच्या नूतनीकरणावर किंवा मार्कांवर काहीही परिणाम होणार नाही, आणि कोणी भाग घेतला हे वरिष्ठांना कळवलं जाणार नाही.’ वाचता न येणाऱ्यांना ते निःपक्ष साक्षीदारासमोर वाचून दाखवायचं, अंगठा घ्यायचा आणि साक्षीदाराची सही. सुपरवायझर हा साक्षीदार नव्हे.

रक्त तपासायचा मोह होईल. हिपॅटायटिस बीच्या लसीनंतरची प्रतिपिंडं तपासणं उपयोगी आहे. पातळी १० मिली-आययू प्रति मिलिलिटर किंवा वर असेल तर संरक्षण मिळालं असं धरतात. पण अहवाल प्रत्येकाला बंद पाकिटात द्यायची आणि कमी पातळीवाल्यांना लस द्यायची सोय आधी करा, मगच सुई हातात घ्या. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत कचरा हाताळणाऱ्यांना हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देणं रुग्णालयाचीच जबाबदारी आहे, हे प्रशासनाला दाखवता येईल. एचआयव्हीची चाचणी मात्र अशा अभ्यासात घालू नका. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने माहितीपूर्ण संमती, समुपदेशन आणि गोपनीयता बंधनकारक केली आहे. ते सांभाळायची यंत्रणा प्रश्नावली घेऊन फिरणाऱ्या टीमकडे नसते. ज्या रुग्णाच्या सुईने टोचली त्याच्या बाबतीतही तेच. त्याचं रक्त ‘आधीच काढलेलं आहे’ म्हणून गुपचूप तपासणं चालत नाही, आणि त्याच्या केसपेपरवरून त्याचं निदान टिपून घेणंही चालत नाही.

नुसत्या पाहणीला सीटीआरआयची, म्हणजे क्लिनिकल चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीची, सक्ती नाही. पण काही वॉर्डांत नवं प्रशिक्षण किंवा नवी सेफ्टी सुई देऊन फरक मोजणार असाल तर तो हस्तक्षेप झाला. पहिला माणूस घेण्याआधी नोंदणी करा. १ एप्रिल २०१८ पासून तिथे चाचण्यांची मागाहून नोंदणी होत नाही.

प्रश्नावली

दोन पानं, बारा मिनिटं. त्याहून लांबली की मधूनच ‘सिस्टर, सलाईन संपली’ अशी हाक येते आणि फॉर्म अर्धा राहतो.

‘तुम्हाला नीडल स्टिक इंज्युरी झाली का?’ असं विचारलं तर बरेच जण नाही म्हणतात, कारण त्यांच्या लेखी रक्त आलं तरच ती इंज्युरी. त्याऐवजी असं विचारा: ‘गेल्या १२ महिन्यांत या रुग्णालयात काम करताना वापरलेली सुई, लॅन्सेट (शुगर तपासायची टोचणी), ब्लेड किंवा काच तुमच्या त्वचेत घुसली किंवा ओरखडा आला, असं झालं का? रक्त आलं नसलं तरी सांगा.’ सुई कोरी होती की वापरलेली, हे खात्रीसाठी लगेच पुढे वेगळं विचारा. नाहीतर इंजेक्शन भरताना टोचलेली निर्जंतुक सुईही मोजली जाते.

‘काय करताना?’ याचे पर्याय पुस्तकातून घेऊ नका, वॉर्डातून घ्या. टोपण परत लावताना, शिरेतून रक्त घेताना रुग्ण हलला, शुगर तपासल्यावर लॅन्सेट ट्रेमध्ये राहिली, हब कटर (सुई कापायचं साधन) भरलेला असताना सुई कोंबताना, टाके घालताना सहकाऱ्याच्या हाताला, चादर उचलताना, पिशवी बांधताना किंवा दाबताना. शेवटच्या पर्यायाला पिशवीचा रंग जोडा. नियमाने सुया पांढऱ्या, अर्धपारदर्शक, भोक न पडणाऱ्या डब्यात जायला हव्यात. त्या लाल पिशवीत सापडल्या तर चूक वॉर्डातली. साध्या कचऱ्याच्या पिशवीत सापडल्या तर बहुधा रुग्णाच्या उशाशी वापरलेल्या इन्सुलिन पेनची सुई नातेवाइकांनी टाकलेली असते. दोन्हींवरचा उपाय वेगळा आहे, म्हणून एवढ्या बारकाईने विचारायचं.

‘का कळवलं नाही?’ हा प्रश्न आधी मोकळा ठेवा. वीस-तीस जणांवर प्रश्नावलीची चाचणी घ्या (हे लोक मुख्य नमुन्यात नकोत), त्यांची उत्तरं वाचा आणि त्यांच्याच शब्दांत पर्याय करा: ‘फॉर्म कुठे मिळतो माहीत नाही’, ‘रागावतील’, ‘कंत्राट जाईल’, ‘रुग्ण साधा दिसत होता’, ‘लस घेतली आहे’.

प्रत्यक्ष मुलाखती

सकाळी आठ ते अकरा वॉर्डात पाऊल टाकू नका. ओव्हर (पाळी बदलतानाची कामाची सोपवणी), राउंड, औषधं, सॅम्पल्स. तुम्ही अडगळ ठरता. सिस्टरांसाठी दुपारी अडीच ते साडेचार बरी वेळ. सफाई वर्ग पहिली फरशी झाल्यावर, साडेदहाच्या आसपास मोकळा असतो; त्यांना वॉर्डाबाहेर गाठा. ओटीत यादी संपल्यावर जा, ओपीडीत एक वाजल्यानंतर. नाईटवाल्यांना सकाळी ड्युटी सुटताना अडवू नका. रात्री अकरानंतर, वॉर्ड शांत झाल्यावर भेटा. बाजूची खोली मिळवा. नर्सिंग स्टेशनवर घेतलेली मुलाखत तीन कानांनी ऐकलेली असते. एखादी व्यक्ती तीन वेगवेगळ्या पाळ्यांत भेटली नाही तरच ‘भेट नाही’ लिहा, आणि तिच्या जागी दुसरी घेऊ नका.

पालख्या मुक्कामाला असतात ते दिवस, गणपती आणि दिवाळी टाळा. पेठांतले रस्ते बंद, अर्धा स्टाफ रजेवर किंवा बंदोबस्ताच्या पथकात; त्या काळात भेटतात ते सगळ्यांचे प्रतिनिधी नसतात. इंटर्नची बॅच बदलते तो महिनाही सोडा.

मुलाखतीत कोणी ‘कालच टोचली’ म्हणालं तर फॉर्म बाजूला ठेवायचा. जागा साबण-पाण्याने धुवायची, पिळायची नाही, स्पिरिट किंवा ब्लीच चोळायचं नाही, आणि त्याला तडक कॅज्युअल्टीत किंवा एआरटी (एचआयव्हीच्या उपचाराच्या) केंद्रात न्यायचं. एचआयव्हीवरचं प्रतिबंधक औषध दोन तासांत सुरू झालं तर उत्तम, ७२ तासांनंतर उपयोग नाही, आणि कोर्स २८ दिवसांचा असतो. लस न घेतलेल्याला हिपॅटायटिस बीचा धोका त्याहून कितीतरी मोठा आहे: ज्याची सुई तो रुग्ण बाधित असेल तर टोचण्यागणिक ६ ते ३० टक्के. एचआयव्हीचा, तसाच बाधित रुग्ण धरून, सुमारे ०.३ टक्के. लोक घाबरतात एचआयव्हीला आणि विचारायचं विसरतात लसीबद्दल. हा सगळा मार्ग, कोणाला फोन करायचा त्यासकट, प्रोटोकॉलमध्ये लिहिलेला असावा. कमिटीही तो विचारते.

नोंदी आणि हिशेब

नाव आणि कोड यांची किल्ली वेगळ्या कुलपात, प्रमुख संशोधकाकडे. बाकी सगळीकडे फक्त कोड. रिकामं, ‘नाही’ आणि ‘माहीत नाही’ यांना तीन वेगळे अंक द्या. एक्सेलमध्ये रिकामी चौकट आपोआप ‘नाही’ समजली गेली की टक्केवारी खाली येते आणि कोणाला कळतही नाही. तारखांचा रकाना आधीच मजकूर म्हणून ठरवा, नाहीतर ०५-०८ चे मे आणि ऑगस्ट आलटून पालटून होतात. दर दहापैकी एक फॉर्म दुसऱ्या माणसाकडून संगणकात पुन्हा भरून घ्या आणि दोन्ही ताडून पाहा.

समजा सगळ्यांच्या कामाचा काळ मिळून २,४०० व्यक्ती-महिने झाला आणि ६४ घटना निघाल्या. २,४०० महिने म्हणजे २०० वर्षं. म्हणून दर १०० व्यक्ती-वर्षांमागे ३२ घटना. व्यक्तींची टक्केवारी वेगळ्या ओळीत, विश्वासमर्यादेसह (खरी टक्केवारी कुठून कुठपर्यंत असू शकते त्यासह) द्या. मग याच ६४ पैकी कितींची नोंद केल्याचं लोक सांगतात ते पाहा, आणि त्याच बारा महिन्यांचं रजिस्टर उघडा. लोकांनी सांगितलेल्या नोंदी रजिस्टरपेक्षा जास्त निघाल्या तर लगेच कोणाला खोटं ठरवू नका. बऱ्याचदा सिस्टर इन-चार्जला तोंडी सांगितलेलं असतं, आणि तिच्या लेखी ते कळवणंच असतं.

अहवालातल्या तक्त्याच्या एखाद्या चौकटीत पाचांपेक्षा कमी माणसं आली तर गट एकत्र करा. ‘डायलिसिस, पुरुष, ४५ वर्षांवरचा’ असं छापलं की अख्ख्या मजल्याला नाव कळतं. वॉर्डवार आकडे प्रशासन मागेल. ते देणार की नाही हे माहितीपत्रकात जे लिहिलं असेल त्याप्रमाणेच. मागाहून बदल नाही, अधीक्षकांनी मागितले तरी.

लेखन स्ट्रोबच्या (अशा पाहण्यांचे अहवाल कसे लिहावेत याच्या आंतरराष्ट्रीय यादीच्या) २२ मुद्द्यांप्रमाणे करा, किती जणांना विचारलं आणि किती जण का गळले याचा आराखडा पहिल्याच तक्त्यात. जर्नलला पाठवण्याआधी मराठीत एक पान काढून मेट्रनच्या बैठकीत आणि सफाई वर्गाच्या हजेरीच्या वेळी वाचून दाखवा. हजेरीच्या वेळी कंत्राटदाराचा मुकादम हजर असेलच, म्हणून त्या पानावर गटवार तक्ता नको. पांढरा डबा किती भरला की बदलायचा आणि टोचल्यावर कुठल्या खोलीत जायचं, एवढं असलं की झालं. फॉर्म किमान तीन वर्षं जपावे लागतात. नावांची किल्ली मात्र हिशेब पक्का झाला की कमिटीला कळवून फाडून टाका.